केसांचे दिवस

उरैच्या कारखान्याचं दार अधूनमधून काही दिवस आतून बंद असतं, आणि ते का बंद असतं हे बाजारातल्या बायकांना तोंडपाठ आहे. आत कुणीतरी भन्ते डोक्यावर केस घेऊन बसलेले असतात.

नाखोन पाथोमहून रत्चबुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कालव्याच्या काठाला तिचा हा पत्र्याचा कारखाना. तिथे माणसं बनतात. सिलिकॉनचीच, पण अशी की कुरिअरवाला कोपऱ्यात बसलेल्या आजोबांकडे सही मागतो, ते हलत नाहीत म्हणून जरा आवाज चढवतो आणि मग ओशाळून इकडेतिकडे बघतो. हातावरच्या शिरा, नखाखालचा गुलाबी रंग, मानेच्या सुरकुत्यांत मुरलेलं ऊन, सगळं जागच्या जागी. नटनट्यांचे पुतळे करून द्या म्हणून मॉलवाले तिच्या मागे लागले होते. उरैने त्यांना हात जोडले. तिचं गिऱ्हाईक म्हणजे विहार. गावाने जीव लावलेले भन्ते वारले की गावाला चैन पडत नाही. त्यांना ते पुन्हा त्याच आसनावर, तसेच किंचित पुढे वाकून बसलेले हवे असतात, आणि ते उरैच करू जाणे.

आता आमच्याकडचे भन्ते डोकंच नाही, भुवयासुद्धा भादरतात, दर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. मग केस कशाला, असं कुणीही विचारील. पण साफ गुळगुळीत डोकं केलं की तो माठ दिसतो, माणूस दिसत नाही. वस्तऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी जी बारीक खरखर उगवते तीत सगळा जीव असतो, असं उरैचं म्हणणं. आणि ती खरखर करायची तर आखूड केस सुईत सापडत नाहीत. बोटभर लांब केस घ्यायचा, दुतोंडी सुईने एकेक कातडीत टोचायचा, सगळं डोकं आणि भुवया भरल्या की मग कात्री आणि मशीन चालवायचं. त्यामुळे काही दिवस भन्ते केसाळ असतात. कुणा भाविकाने ते बघितलं तर भलतंच, म्हणून कडी.

सवेंग भन्तेंचं काम आलं तेव्हा उरै खूश होती. एकतर चेहरा करण्यासारखा होता. रुंद नाक, जाड ओठ, आणि रागावणार की हसणार हे शेवटपर्यंत कळू न देणारे गाल. तिच्या नवऱ्याने, बुनलूने, अंगाचा साचा काढून दिला, पापण्या अर्ध्या मिटलेल्या ठेवल्या, आणि चेहरा असा काही उतरला की बुनलू त्यांच्यासमोर सिगारेट ओढेना. बाहेर कालव्यावर जाऊन ओढू लागला.

"रबर आहे रे ते," उरै म्हणाली.

"तू सांग त्यांना तसं," बुनलू म्हणाला.

आणि नेमकं तेव्हा विहाराच्या समितीचे चरूनकाका घाम पुसत आले. हा माणूस एरवी विनोद सांगत यायचा. त्या दिवशी त्याने खुर्ची ओढली आणि पुन्हा घाम पुसला.

"म्हातारी नाही म्हणते," शेवटी तो म्हणाला.

"कोण म्हातारी?"

"भन्तेंची आई. लमायआजी. ऐंशीच्या पुढे गेली, पण जीभ बघ तिची. समितीतले सगळे जाऊन आलो. सगळ्यांना पाणी पाजून परत पाठवलं."

"मग आता?"

"मग काय! नवे भन्ते म्हणतात, आईचं मन दुखवून मी मूर्तीचे डोळे उघडायचा विधी करणार नाही. आणि विधी नाही तर मूर्ती विहारात नाही. तुझी मजुरी बुडणार नाही, त्याची काळजी नको. पण हे..." चरूनकाकाने मूर्तीकडे बघितलं, नकळत हात जोडले. "हे इथे पत्र्याखाली पडून राहणार गं."

उरैला मजुरीचं सुचलंसुद्धा नव्हतं. तिला तो चेहरा आवडला होता. तो गोणपाटाखाली झाकून ठेवणं तिला मान्य नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ती आजीकडे गेली.

लमायआजीचं घर पेरूच्या वाडीत, खांबांवर उभं. आजी खाली सावलीत सुपात मासे निवडत होती. चेहरा बघून उरै जागीच थबकली. तेच रुंद नाक, तेच गाल.

"मूर्तीवाली का तू?" आजीने वर न बघता विचारलं.

"हो, आजी."

"पाणी पी आणि जा."

उरै पाणी प्यायली आणि बसली. गावातल्या बायकांशी कसं बोलावं हे तिला शिकवायची गरज नव्हती. तिने सूप पुढे ओढलं आणि मासे निवडायला घेतले. आजीने एकदा तिच्या बोटांकडे बघितलं आणि बोलायला सुरुवात केली, जणू मध्येच थांबलेलं भांडण पुढे चालू.

"गावाला हवाच असणार तो. गावाचं काय गेलं? अगं, माझा तुई, घरी हेच नाव त्याचं, पावसातल्या एका वर्षावासापुरता विहारात गेला होता. सगळ्यांचीच पोरं जातात. तीन महिने चीवर घालतात, आईबापाच्या पदरात पुण्य टाकतात, परत येतात, लग्न करतात. मी तर मुलगीसुद्धा बघून ठेवली होती. चीवर घ्यायच्या दिवशी अख्खं गाव जेवायला. केसांची पहिली बट आईने कापायची ना? मला कात्री दिली आणि तिकडे चुलीवर रस्सा उतू चाललेला. मी कचकन एक बट कापली आणि पळाले. म्हटलं, तीन महिन्यांत येतील की केस."

ती थांबली. एका माशाचं डोकं मोडलं.

"आलेच नाहीत. तिथेच रमला मेला. मग रोज सकाळी दारात यायचा, भिक्षेला. मी पात्रात भात घालायची. तोंडाकडे बघायचं नाही, पात्राकडे बघायचं. आणि हात जोडायचे, माझ्याच पोराला! दवाखान्यात घामाने भिजला होता, मी पंख्याने वारा घालत बसले. घाम पुसला तो तिथल्या कामगाराने. आई असले म्हणून काय झालं, बाईमाणूसच ना मी, भन्तेंना हात लावायचा नाही."

"आजी..."

"आता गेला तेव्हापासून तो परत माझा तुई झालाय. डोळे मिटले की येतो, चिखलाने भरलेला, भूक लागली म्हणत. आणि तू त्याला पुन्हा तिथे नेऊन बसवणार, आणि मी पुन्हा लांब बसून नमस्कार घालणार? एकदा केलं तेवढं पुरे."

उरैने शेवटचा मासा सुपात टाकला. ती उठली, हात धुतले. मग कारागीर माणूस ती, राहवलं नाही.

"आजी, मूर्ती बसो न बसो, माझं काम मला पुरं करायचंय. भन्तेंचे एवढे फोटो दिलेत, पण सगळे समोरून. डोक्याच्या मागे भोवरा कुठे होता?"

"भोवरे," आजी फटकन म्हणाली. "दोन आहेत. म्हणून तर तसला हट्टी. जा आता."

उरैने परत येऊन टाळूवर टोचलेले केस उपटले आणि दोन भोवरे धरून सगळं पुन्हा टोचायला घेतलं. बुनलूने कपाळावर हात मारला. एका नाटकमंडळीतल्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्याने हौसेने वाढवलेले पांढरे केस मिनतवारीने मिळाले होते, आणि ही ते असे उधळत होती.

"कुणाला दिसणार आहे? गोणपाटाखाली?" तो म्हणाला.

"मला दिसेल," उरै म्हणाली आणि सुई उचलली.

डोकं भरलं, भुवयाही भरल्या. दाराला कडी होती. त्याच सकाळी बाहेर भाड्याची मोटारसायकल थांबली आणि बुनलूचा आवाज आला, "आजी, आज नको! आत रंगकाम चाललंय, वास येतो."

"जन्मभर मासे सुकवले मी. मला कसला वास सांगतोस? बाजूला हो."

बुनलू बाजूला झाला. लमायआजीपुढे समितीने हात टेकले तिथे त्याचं काय चालणार! त्याने खिडकीतून हात घालून कडी काढून दिली आणि आजी बोलत बोलतच आत शिरली. "हे बघ गं, सांगायचं राहिलं. दोन्हींपैकी डावा भोवरा उलटा फिरतो. रात्रभर झोप नाही मला, म्हटलं ही पोरगी दोन्ही सुलटे..."

आणि ती थांबली.

पाटावर सवेंग भन्ते बसले होते. अंगावर अजून चीवर नव्हतं, बुनलूचा जुना सदरा होता. पांढरे केस कपाळावर आले होते, कानांवर आले होते, भुवया दाट आणि विस्कटलेल्या. गावातला कुठलाही म्हातारा जेवून दुपारी पडवीत बसतो तसा तो बसला होता.

उरै सुई टाकून उठली. "आजी, हे कापायचेत हो. हे कामापुरते असतात. माफ करा, दार लावलेलं होतं..."

आजीने ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती एक पाऊल पुढे आली आणि म्हणाली, "याचे केस पांढरे झाले होते?"

"साठी उलटली होती ना त्यांची."

"मला दिसलेच नाहीत कधी." तिचा आवाज बारीक झाला. "बघ ना. बापासारखा दिसतोय."

ती खाली बसली, पाय एका बाजूला मुडपून, हातभर अंतर सोडून, विहारात बसतात तशी. पिशवीतून केळीच्या पानात बांधलेला भात काढला आणि बुनलूपुढे धरला. बुनलूला कळेना. मग कळलं. बाईने भन्तेंच्या हातात काही द्यायचं नसतं, मध्ये कुणी पुरुष लागतो. तो भात आपण पुढे द्यावा म्हणून ती थांबली होती.

"आजी," उरै तिच्याजवळ सरकून म्हणाली, "तुम्हीच द्या. हे अजून भन्ते झालेले नाहीत. विधी होऊन डोळे उघडले की होतील, मग मलासुद्धा हात लावता येणार नाही. तोवर हे माझ्या कारखान्यातलं सिलिकॉन. मी तर रोज याच्या गालावर चापट्या मारते."

"का मारतेस?" आजी एकदम उसळली.

"कातडं नीट बसलंय का बघायला!"

"हळू मारत जा."

मग तिने हात पुढे केला. तो अर्ध्यावर थांबला, मागे आला, कपड्याला पुसला गेला, परत पुढे गेला. अंगठ्याने तिने डावी भुवई सारखी केली. मग उजवी. मग बोटं केसांत गेली आणि मागचे भोवरे शोधू लागली, आणि सापडल्यावर तिथेच राहिली.

"केवढे वाढवलेस रे," ती म्हणाली. "कापायला सांगायचंस की."

बुनलू सिगारेट ओढायला बाहेर गेला. पाकीट आतच राहिलं होतं. उरै डोळे पुसत रंगाच्या वाट्या उगाच जागच्या हलवत राहिली. तिला वाईट वाटत होतं म्हणावं तर तसंही नव्हतं. फार दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

त्यानंतर आजी रोज येऊ लागली. येताना डबा आणायची, कधी नारळाच्या दुधातली केळी, कधी मिरचीचा ठेचा आणि उकडलेल्या भाज्या. तिघं भन्तेंच्या भोवती बसून जेवायची आणि आजी त्यांना गावच्या बातम्या सांगायची. तुझ्या बहिणीने छपराला निळा रंग दिला, डोळ्याला बघवत नाही. तुझ्यासाठी बघितलेली ती मुलगी आता शेवयांची गाडी लावते, तीन नातवंडं आहेत, आणि अजून मला बघून तोंड फिरवते, काय चुकलं रे तिचं? मग कंगवा काढायची. तेल लावू दे म्हणायची, आणि सिलिकॉन खराब होतं म्हणून उरैने अडवलं की पाण्याने बोटं ओली करून भांग पाडायची. भांगाची बाजू रोज बदलायची. एकवीस वर्षांच्या मुलाचा भांग उजवीकडे होता एवढं तिला आठवत होतं, पण साठीतल्या माणसाला तो शोभेना. बोलून बोलून दमली की त्यांचा हात आपल्या मांडीवर घ्यायची आणि तशीच बसून डुलक्या काढायची. घोरायचीसुद्धा, पण ते तिला सांगायची कुणाची छाती नव्हती.

चरूनकाकाचा फोन यायचा. "हो म्हणाली का?"

"विचारलं नाही."

"अगं, मग रोज करता काय तिथे?"

"जेवतो," उरै सांगायची.

खरं तर विचारायची तिचीच तयारी नव्हती. आजी हो म्हणाली की कात्री आली. नाही म्हणाली तर हा असाच केसाळ म्हातारा कायमचा कोपऱ्यात. बुनलू म्हणायचा, लवकर ठरवा, नाहीतर वेणी घालायची वेळ येईल. शेवटी पावसाळा संपत आला. वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला मूर्ती बसावी ही गावाची इच्छा होती, आणि पौर्णिमा तोंडावर आली. एका संध्याकाळी आजी निघताना उरैने मनातलं बोलून टाकलं.

"आजी, एक सांगू? तुम्ही म्हणालात तर हे असेच राहू देत. केसांसकट घरी न्या. गावाला मी दुसरी मूर्ती करून देईन, किंवा नाही देणार. बघू. तुमचं पोर तुमच्या घरी."

बुनलूने बायकोकडे अशा नजरेने बघितलं, जणू हिला ऊन लागलंय. आजीने पिशवी उचलली. चप्पल घातली आणि गेली.

त्या रात्री उरैला आपण काय बोलून बसलो याची धाकधूक लागली. पण बोललेलं मागे घ्यावं असंही वाटेना.

सकाळी आजी आली ती पांढऱ्या कपड्यांत, सणाला घालतात तशा. डबा नव्हता. एका हातात कमळाचं पान होतं, नुकतंच तळ्यातून काढलेलं, आणि दुसऱ्यात कात्री.

"घरी नेणार नाही," बसता बसता ती म्हणाली. "पेरूच्या वाडीत करील काय तो? चार दिवसांत कंटाळेल. त्याला माणसं लागतात, माझ्यासारखीच. कुणाचं भांडण सोडव, कुणाच्या पोराचं नाव ठेव. तेवढ्यासाठीच तर राहिला तिथे. मी त्याच्यावर रागावून बसले ती बसलेच. मागच्या वेळी मी त्याला दिलाच नव्हता गं. उसना दिला होता. आणि उसनं दिलेलं परत येईना म्हणून आयुष्यभर चरफडत राहिले."

तिने कमळाचं पान भन्तेंच्या मांडीवर पसरलं.

"या वेळी देते. चुलीवर काही ठेवलेलं नाही मी आज."

तिने डाव्या हाताने भन्तेंचा हात धरला आणि उजव्याने कात्री. टाळूवरची एक बट उचलली, दोन्ही भोवऱ्यांच्या मधली. बराच वेळ ती नुसती धरून राहिली, आणि कुणीही तिला घाई केली नाही. मग कात्री मिटली. बट पानावर पडली. आजीने तिच्याकडे नीट बघितलं, एकही केस पानाबाहेर नाही याची खात्री केली, आणि कात्री उरैला दिली.

बाकीचं उरैने केलं. आजीने हात धरलेलाच होता, त्यामुळे तिला भोवतीने फिरून कापावं लागलं. आधी कात्री, मग मशीन. पांढरे केस पानावर साठत गेले, काही आजीच्या मांडीवर पडले, ते तिने झटकले नाहीत. भुवया शेवटी. पहिली गेली तेव्हा तो अजून तुई होता, निदान अर्धा. दुसरी गेली, उरैने मऊ ब्रशने कपाळ झाडलं आणि बाजूला झाली, तर समोर सवेंग भन्ते बसले होते, रागावणार की हसणार ते न सांगता.

आजीने हात सोडला. मागे सरकली, बरोबर हातभर, आणि जमिनीला कपाळ लावून तीन वेळा वंदन केलं.

"आजी, विधी अजून व्हायचाय," उरै घाईने म्हणाली. "पौर्णिमेपर्यंत हात लावला तरी चालतो. या ना, उद्याही या, बसा त्यांच्याजवळ."

"नको," आजी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि चेहरा अगदी शांत होता. "दिलं ना. चरूनला फोन लाव. आणि त्याला म्हणावं, मंडप नीट घाला, मागच्या खेपेला गळत होता."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि बुनलू तिला मोटारसायकलीपर्यंत सोडायला गेला. जाताना ती त्याला सिगारेटवरून बोलत होती, ते कालव्यापर्यंत ऐकू येत होतं.

उरैने फोन लावायच्या आधी पसारा आवरायला घेतला. चीवर नेसवायचं म्हणून तिने भन्तेंचा हात उचलला आणि ती दचकली. हात उबदार होता. सिलिकॉन हाताची ऊब धरून ठेवतं, हे ती गिऱ्हाइकांना इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगत आली होती. तरी तिने तो खाली ठेवला नाही. ऊब उतरून जाईपर्यंत ती तो तसाच धरून बसली.